मानशीवरची सुंगटे

पणजीहून रायबंदरास जाऊन फेरीबोटीने मांडवी ओलांडली, की दिवाडी बेटावरील खाजने आपल्या दृष्टीस पडतात. भरतीच्या पातळीखालची ही जमीन बांधांनी राखलेली आहे. बांधात लाकडी दारांची मानस असते. भरतीचा दाब दारे मिटवितो, ओहोटी ती उघडते. पावसाळ्यात येथे कोरगुट भात पिकतो. आणि ओहोटीच्या वेळी मानशीला लावलेल्या जाळ्यात कोळंबी सापडते. आम्ही गोमंतकीय तिला सुंगटे म्हणतो.

कचेरीतून उशिरा परतल्यावर आम्हांस हिच्याइतकी सोयीची दुसरी मासळी नाही. सुंगटे सोलून, पाठीतील काळा दोरा काढून, हळद-मीठ लावावे. खोबरेल तेलात लसूण परतावी. चिंचेचा कोळ, माडाचा गूळ व तिखट घालून रस मधासारखा दाट होऊ द्यावा. मग सुंगटे टाकून तीन-चार मिनिटे परतावीत. ती वळून लालसर झाली व रसाचा चकचकीत लेप बसला, की लगेच उतरावीत; अधिक शिजल्यास चिवट होतात. भात तयार असला, तर पाने मांडण्यास वेळ लागत नाही.

परंतु या झटपट जेवणामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट आहेत. पूर्वी गावकारीच्या व्यवस्थेत गावच बांधांची निगा राखी. आज कित्येक ठिकाणी बांध फुटून, तर कोठे मासळीच्या लोभाने अवेळी दारे उघडल्याने, खारे पाणी शेतांत शिरते व ती पडीक होतात. भात आणि सुंगटे एकाच बांधाच्या आश्रयाने वाढतात. आपल्या पानातील ही जोडी टिकावयाची, तर बांधही टिकला पाहिजे.