रोहिड्याच्या शेंगा

अजमेरची जियारत आटोपून आम्ही नागौरची बस धरली, तेव्हा मे महिना अर्धा सरला होता. शिक्षकांचा सफर सुट्टीतच होणार, आणि सुट्टी नेमकी वाळवंट तापल्यावर लागणार! काम दोन होती. सुफी हमीदुद्दीन नागौरींच्या दर्ग्यात फातिहा पढायची आणि मुलीच्या निकाहासाठी सांगितलेला पलंग पाहायचा. पलंग रोहिड्याचा. जालन्यात पुष्कळ वर्षं सुतारकाम करून गावी परतलेल्या एका चाचांकडे बयाणा आधीच पोचला होता.

रोहिडा हे नाव आमच्या घरात नवं नव्हतं. कोणाला कावीळ झाली की अम्मी रोहितकारिष्टाची बाटली आणत. त्यातला रोहितक नेमका कोणता, यावर वैद्यांत मतभेद आहेत आणि बाजारात रक्तरोहिडा म्हणून भलत्याच झाडांच्या सालीही खपतात. पण मारवाडातल्या या झाडाची साल यकृत आणि प्लीहेच्या विकारांवर पूर्वापार वापरतात, हे खरं. तिकडे त्याला मारवाडचा साग म्हणतात. लाकूड घट्ट, टिकाऊ, कोरीव कामाला उत्तम आणि पॉलिशने आरशासारखं चमकणारं.

चाचांनी पलंगाची डोक्याकडची फळी दाखवली. वेल सुरेख उतरली होती. “लाकूड कुठलं?” आम्ही सहज विचारलं. चाचा जरा गप्प झाले. मग म्हणाले, “सकाळी चला, दाखवतो.”

सकाळी त्यांच्या भाच्याच्या शेतावर गेलो. वाळूच वाळू, बाजरीची पेरणी व्हायची होती. मधूनमधून खेजडी आणि सगळ्या शेतात मिळून रोहिडे दोन. तिसऱ्याचा बुंधा जमिनीलगत कापलेला. आमच्या पलंगाची फळी तिथली होती.

रोहिडा फुलतो थंडी सरताना. कुठे पिवळा, कुठे नारिंगी, कुठे लालभडक. 1983 पासून ते राजस्थानचं राज्यपुष्प आहे. तेव्हा आमच्या परीक्षा चालू असतात, त्यामुळे आमच्या वाट्याला आल्या त्या कोयत्यासारख्या बाकदार, वाळक्या शेंगा.

“मग नवी झाडं का येत नाहीत?” भाचा म्हणाला, “येतात. टिकत नाहीत.” पूर्वी उंटाच्या नांगरामागे घरचाच माणूस असे. वीतभर रोप दिसलं की तो नांगर उचलून पुढे टेकवी. असं करत करत शेतातच झाडं मोठी होत. आता ट्रॅक्टर तासावर भाड्याने येतो. चालवणारा परका, त्याला रोप दिसतच नाही. त्यातून वाचलं तर शेळ्या आहेत. साल काढणारेही खोडाभोवती पूर्ण कडं सोलतात, मग झाड उभ्याउभ्या वाळतं. आणि वाढ इतकी सावकाश की लावणाऱ्याच्या हयातीत त्याची फळी होईल याची खात्री नाही. हमीदुद्दीन साहेब इथल्याच मातीत, नागौरजवळच्या सुवालला, बिघाभर जमीन स्वतः कसून राहिले. नांगर उचलणारी माणसं म्हणताच आम्हाला ते आठवले.

बी मात्र अवघड नाही. शेंग उकलली की पातळ पंखाचं बी वाऱ्यावर उडतं, म्हणून त्याआधीच शेंगा तोडायच्या. बी ताजंच पेरावं, वर्षभरात त्याची उगवणशक्ती जाते. वाळू, माती आणि थोडं शेणखत पिशवीत भरून पेरलं की काही दिवसांत कोंब दिसतो. मूळ लवकर खोल जातं म्हणून पिशवी उंच हवी. फांद्यांची कलमं सहज मुळं धरत नाहीत. जोधपुरात ऊतिसंवर्धनाने रोपं करण्याचे प्रयोग झाले आहेत. पण शेतकऱ्याच्या हाती आहे ते बी आणि मोठ्या झाडाच्या मुळांवर फुटणारे धुमारे, तेही कुंपण घालून राखले तर.

पलंग आम्ही परत केला नाही. कापलेलं झाड थोडंच जोडलं जाणार होतं, आणि चाचांची मेहनतही होती. मुलगी तो घेऊन सासरी गेली. चाचांनी मजुरीचा हिशेब मिटवताना रुमालात बांधून शेंगा दिल्या.

जूनमध्ये शाळेत मुलांकडून वीस पिशव्या भरून घेतल्या. चौदा उगवल्या. आमच्या काळ्या जमिनीत पाणी साचतं, त्या पावसात निम्मी रोपं मुळाशी कुजली. मग उरलेली मुरमाड उंचवट्यावर हलवली. आज चार आहेत, कमरेएवढी. इथे ट्रॅक्टर नाही, पण मधल्या सुट्टीत क्रिकेट आहे. म्हणून सातवीच्या वर्गाने चारही रोपांभोवती बाभळीच्या काट्या रोवल्यात, आणि चेंडू आत गेला की बॅटिंग करणारा बाद, असा नियम केला आहे.