सुरुवात चौथ्या शीलापासून

धम्माकडे नव्याने वळणारी माणसे पहिला प्रश्न बहुतेक वेळा ध्यानाचा विचारतात: विपश्यनेच्या शिबिराला जाऊ का? अभ्यासू माणसे आधी ग्रंथांची यादी मागतात. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. पण उपासक म्हणून जगता जगता माझे मत वेगळ्याच ठिकाणी येऊन पक्के झाले आहे. सुरुवात शीलापासून करावी, आणि पाच शीलांतही चौथ्यापासून, म्हणजे खोटे न बोलण्यापासून. उघड हिंसा, चोरी किंवा व्यभिचार यांचे प्रसंग साध्या संसारी माणसावर रोज येत नाहीत, आणि मद्यापासून पुष्कळजण आधीच लांब असतात. खोटे बोलायची वेळ मात्र दिवसातून कितीदा तरी येते: फोनवर, कचेरीत, घरच्या माणसांशी. रोजचा सराव घडवणारे शील हेच आहे.

या मताला जुना आधार आहे. मज्झिमनिकायात बुद्धाने आपला मुलगा राहुल याला केलेला एक उपदेश आहे. राहुल तेव्हा सात वर्षांचा होता, असे अट्ठकथा, म्हणजे जुनी पाली टीका, सांगते. त्या वयाच्या मुलाला बुद्धाने आधी श्वासाकडे पाहायला बसवले नाही. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवले आणि सांगितले, की जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज वाटत नाही त्याच्याजवळ श्रमणपण एवढेच उरते. मग आरशाचा दाखला देऊन एक रीत शिकवली: काहीही करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहायचे, की याने आपले, दुसऱ्याचे किंवा दोघांचे अहित होते का. चूक झाली असेल तर ती जाणत्या सोबत्यापुढे उघड बोलायची आणि पुढे जपायचे. आनापानाचा, म्हणजे श्वासाकडे पाहण्याचा, उपदेश राहुलाला मिळतो तो पुढच्या सुत्तात; अट्ठकथेच्या हिशेबाने तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. राजस्थानातल्या बैराटजवळ सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखात सात धम्मग्रंथांची नावे आहेत. ते भिक्षु-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावेत, अशी इच्छा अशोकाने त्यात व्यक्त केली आहे. त्या सातांत राहुलाला असत्याविषयी केलेला हा उपदेश आहे. धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’मध्ये या सात सूत्रांचा विचार केला आहे. नव्या वाचकाने तिथून वाचायला घ्यावे, मराठीत याहून सरळ वाट मला माहीत नाही.

महाराष्ट्रातला अनुभवही हेच सांगतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्रिसरण आणि पंचशील घेतले, आणि मग जमलेल्या लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञांसह दीक्षा दिली. त्या प्रतिज्ञांत चोरी न करणे, खोटे न बोलणे, दारू न पिणे हे स्पष्ट शब्दांत आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत छापून आला तो 1957 मध्ये, बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर. म्हणजे एवढ्या मोठ्या समाजाने सुरुवात केली ती ग्रंथ हाती येण्याआधी, वागण्याच्या शपथेने. आज वर्षावासात विहाराविहारांत त्या ग्रंथाचे वाचन चालते, ते या शपथेच्या पायावर उभे आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की खोटे बोलू नये हे तर सगळेच धर्म सांगतात, यात बौद्ध ते काय? फरक निकषात आहे. इथे पाहणारा आणि शिक्षा करणारा देव नाही, आणि माफ करणाराही नाही. निकष एकच: कुणाचे अहित होते का. शिवाय ओठांवर आलेले खोटे थांबवले, की त्याच्यामागची भीती किंवा हाव समोर उभी राहते. तृष्णेतून दुःख उपजते, हे दुसरे आर्यसत्य माणसाला तिथे पोथीशिवाय दिसते. कालामांना बुद्धाने ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, स्वतः पारखा, असे सांगितले. ही पारख करायला याहून जवळची जागा नाही.

दुसरा आक्षेप ध्यानवाल्यांचा. मन अशांत आहे, आधी शांती हवी, शील मागून येईल, असे ते म्हणतात. रोज थोडा वेळ श्वासावर बसायला माझी ना नाही. पण शिष्य आनंद याने शीलाचे फळ विचारले तेव्हा बुद्धाने पश्चात्ताप नसणे हे पहिले फळ सांगितले, आणि त्यातून आनंद, प्रसन्नता अशा पायऱ्यांनी समाधीपर्यंतचा क्रम लावला. दिवसभर काहीबाही झाकत फिरलेले मन आसनावर बसून स्थिर होत नाही. गोएंका गुरुजींच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिरातही आधी पंचशील घ्यावे लागते. तिथे मौन असल्यामुळे चौथे शील सहज पाळले जाते, त्याची खरी कसोटी घरी परतल्यावर सुरू होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. शहरात भाड्याचे घर मिळावे म्हणून आडनाव लपवावे लागणाऱ्या माणसाला तुम्ही सत्याचे धडे देणार का? अन्याय सोसणाऱ्यानेच पुन्हा शुद्ध राहायचे का? माझे उत्तर असे, की त्या लपवण्याचा मोठा दोष घर नाकारणाऱ्याच्या पदरी जातो. लपवणाऱ्याने स्वतःला अपराधी मानू नये, आपल्या भीतीकडे मात्र डोळे उघडे ठेवून पाहावे. आणि चौथे शील म्हणजे मान खाली घालून गप्प बसणे नव्हे. अभय राजकुमाराशी बोलताना बुद्धाने सांगितले, की जे खरे आणि हिताचे आहे ते ऐकणाऱ्याला अप्रिय असले तरी तथागत योग्य वेळ पाहून बोलतो. जात विचारणाऱ्याला तोंडावर चूक दाखवणे या शीलातच बसते. बाबासाहेबांनी धम्माची गरज माणसामाणसांतल्या नात्यातून मांडली, आणि नाते टिकते किंवा तुटते ते बहुधा बोलण्यावर.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझी विनंती आहे: येत्या पौर्णिमेला जवळच्या विहारात जा, वंदनेला बसा, भंतेजींकडून पंचशील घ्या. पाली शब्द पाठ नसले तरी चालते, मागून म्हणता येतात. पहिला महिना चौथे शील धरा, आणि जिथे चुकेल तिथले विहारातल्या एखाद्या जाणत्या उपासकाशी किंवा उपासिकेशी मोकळेपणाने बोला. शिबिराचा अर्ज त्यानंतर भरा.