पुण्याची क्रीडांगणे : एक प्रदक्षिणा

एखाद्या नगराची भरभराट अजमावावयाची झाली म्हणजे आपण त्याचे रस्ते पाहतो, पूल पाहतो, बाजारपेठ पाहतो आणि उंच इमारतींकडे मान वर करून ‘गाव किती वाढले हो!’ असे उद्गार काढतो. परंतु त्या इमारतींतून राहणारी मुले सायंकाळी साडेपाच वाजता कोठे असतात, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. घर शोधावयास निघालेले कुटुंब पाण्याची चौकशी करते, शाळेची करते, वाहन उभे करण्याच्या जागेचीही करते. मैदानाची चौकशी करणारे शंभरांत पाच तरी असतील की नाही, याची आम्हांस शंका आहे. याच प्रश्नाचा माग काढीत आम्ही गेल्या हिवाळ्यात काही रविवार पुणे शहराची प्रदक्षिणा केली. कसब्यापासून निघून शहर ज्या क्रमाने पश्चिमेकडे पसरत गेले, त्याच क्रमाने म्हाळुंगे-बालेवाडीपर्यंत गेलो. त्या भ्रमंतीचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ अर्थातच पेठांपासून. जुन्या पुण्यात मोकळे मैदान असे फारसे नव्हतेच. परंतु मुलांस खेळावयास जागा नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. वाड्याचा चौक, देवळाचे पटांगण, नदीचा घाट आणि पेठेपेठेतील तालीम ही त्या काळची क्रीडांगणेच होती. शुक्रवार पेठेतील चिंचेच्या तालमीसारख्या तालमींची नावे आजही पुणेकरांच्या तोंडी आहेत. गुरुजी तालीम मात्र नव्या पिढीस मानाच्या तिसऱ्या गणपतीमुळेच काय ती ठाऊक! तालमीचा हौदा तो केवढा? एखाद्या बऱ्यापैकी खोलीएवढा. त्यातील तांबड्या मातीत ताक, तेल व हळद मिसळून ती मऊ राखावयाची आणि त्या टीचभर जागेत पहाटेपासून आळीतील मुलांनी आळीपाळीने घुमावयाचे. जागा लहान होती. पण ती घरापासून हाकेच्या अंतरावर होती, तेथे जाण्यास पैसा लागत नव्हता आणि मुलांवर लक्ष ठेवणारा वस्ताद तेथे असे. या तीन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्या. पुढे आपणांस त्यांची गरज पडणार आहे. चौथी गोष्ट म्हणजे तालमीत मुलींस प्रवेश नव्हता. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना हे व्यंग झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पेठा ओलांडून आम्ही लकडी पुलावरून नदीपलीकडे गेलो. येथील डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. तिच्या भोवतालची टुमदार वसाहत पुढे वाढत गेली आणि त्या वसाहतीने संस्थेचेच नाव धारण केले. आज बसमध्ये ‘डेक्कनचे तिकीट द्या’ म्हणणाऱ्या प्रवाशास आपण एका क्रीडासंस्थेचे नाव घेत आहोत, याची जाणीवही नसते. आमच्या मते या एका नावात नगररचनेचा मोठा धडा साठविलेला आहे. येथे मैदान आधी आले, घरे मागाहून आली.

आणि त्या मैदानाने काय दिले, तेही पाहण्याजोगे आहे. खो-खो हा खेळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात होता. त्यास नियमांची चौकट १९१४ साली याच संस्थेत मिळाली. संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी येथील शर्यतींत अनवाणी धावणारे खेड्यांतील तरुण पाहिले, आणि त्यांच्याच खटपटीने १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकसाठी सहा जणांचे पथक रवाना झाले. त्यात फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार हे मॅरेथॉनमध्ये धावले. रणधीर शिंदे व कुमार नवले हे मल्लही त्या पथकात होते. पुढे एकशे अकरा वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले आणि प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे त्यांचे दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातीलच होते. गावात एक मोकळी जागा राखून ठेवली, तर तिचे व्याज किती पिढ्या खाता येते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

टिळक रस्त्यावर आलो म्हणजे कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली स्थापिलेले महाराष्ट्रीय मंडळ लागते. थोडे पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे विस्तीर्ण पटांगण, सारसबागेसमोर महापालिकेचे सणस मैदान आणि स्वारगेटनजीक नेहरू स्टेडियम. याच स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ रोजी नवख्या केनियाने वेस्ट इंडीजचा डाव अवघ्या ९३ धावांत गुंडाळून क्रिकेटच्या जगास चकित केले होते. एका मैलाच्या टापूत एवढ्या जागा एकवटलेल्या पाहून आमचे मन प्रसन्न झाले. रविवारी सकाळी एकेका पटांगणावर क्रिकेटचे चारचार, पाचपाच डाव एकाच वेळी चाललेले असतात. एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या यष्टिरक्षकास पाठ लावून उभा. तरी कोणाचा चेंडू कोणाचा, याविषयी तंटा म्हणून होत नाही! मात्र ही सारी जुन्या पिढीची कमाई आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे जाणवते.

आता येथून पश्चिमेकडे वळू. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पूरग्रस्त कुटुंबे नव्या वसाहतींतून राहावयास गेली. त्यानंतर कोथरूड व आसपासची गावे हा हा म्हणता शहरात मिसळली. पुढे १९९७ साली बाणेर-बालेवाडीसह तेवीस गावे आणि २०२१ साली म्हाळुंगेसह आणखी तेवीस गावे महापालिकेच्या हद्दीत आली. महापालिकेची लोकसंख्या २००१ साली सुमारे २५ लाख होती, ती २०११ च्या शिरगणतीत ३१ लाखांवर गेली. तेव्हापासून नवी शिरगणती पूर्ण झालेली नसली, तरी वाढ थांबलेली नाही, हे सांगण्यास आकड्यांची गरज नाही. सकाळी नऊ वाजता बाणेरच्या रस्त्यावर उभे राहावे म्हणजे झाले.

या भागात आम्ही सायंकाळी मुद्दाम पायी हिंडलो. गृहसंकुलांच्या आत घसरगुंडी आहे, झोपाळे आहेत, रबरी फरशीचा तुकडा आहे; म्हणजे सहा वर्षांच्या बालकाची सोय आहे. पहाटे फिरणाऱ्या आजोबांसाठी फरसबंद वाटही आहे. परंतु बारा-चौदा वर्षांची मुले कोठे आहेत? ती वाहने उभी करण्याच्या तळघरात मऊ चेंडूने क्रिकेट खेळत होती. ‘चेंडू गाडीवर आदळला तर खेळ बंद’ असा दंडक रखवालदाराने घालून दिलेला! एका मुलास आम्ही विचारले, “बाळ, मैदानावर का जात नाहीस?” तो म्हणाला, “काका, तिकडे तासाचे पैसे पडतात.” हिरव्या कृत्रिम गवताची, जाळी लावलेली, ताशी भाड्याने मिळणारी जी मैदाने हल्ली ठिकठिकाणी दिसतात, त्यांविषयी तो बोलत होता. त्या मैदानांस आमचा आक्षेप नाही. पण ज्या घरी चार मुले आहेत, त्या घराच्या मासिक खर्चात ती कशी बसावयाची?

आमच्या प्रदक्षिणेचा अखेरचा टप्पा म्हणजे म्हाळुंगे-बालेवाडीचे श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी सुमारे दीडशे एकरांत ते उभारले गेले आणि २००८ साली राष्ट्रकुल युवा स्पर्धाही येथेच झाल्या. धावण्याचे मार्ग, जलतरण तलाव, नेमबाजीचे केंद्र अशी साधने एका आवारात पाहून छाती अभिमानाने फुगते. कोल्हापूरकडील स्वप्नील कुसाळे या तरुणाने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीस कुस्तीत मिळविलेल्या पदकाची आठवण सर्वांस झाली. असे गुणी खेळाडू तयार करावयाचे, तर अशी संकुले हवीतच. तथापि, महामार्ग ओलांडून एकट्याने येथे येणे दहा वर्षांच्या मुलास शक्य नाही, हेही उघड आहे. संकुल हे खेळाचे विश्वविद्यालय होय. विश्वविद्यालय आहे म्हणून गावास प्राथमिक शाळा नको, असे कोणी म्हणेल काय?

तेव्हा गरज मोजावयाची ती कशी? केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरविकास मार्गदर्शिकेत यासाठी एक प्रमाण दिलेले आहे. पाच हजार वस्तीस अर्ध्या हेक्टरचे खेळाचे पटांगण, पंधरा हजारांस दीड हेक्टरचे, लाखास आठ हेक्टरांचे क्रीडाकेंद्र आणि दहा लाखांस वीस हेक्टरांचे मोठे केंद्र, अशी ही उतरंड आहे. २०११ ची लोकसंख्या जरी धरली, तरी पुण्यास दीड हेक्टरची सुमारे दोनशे आठ पटांगणे हवीत. दहा लाखांमागे लागणारी मोठी केंद्रे अवघी तीन! म्हणजे गरजेचा मुख्य भार भव्य स्टेडियमांवर नसून आळीतल्या पटांगणांवर आहे. पण लोकार्पणाचे सोहळे होतात ते स्टेडियमांचे.

नुसत्या क्षेत्रफळानेही भागत नाही. तालमीच्या वेळी ध्यानात ठेवलेल्या गोष्टी येथे उपयोगी पडतात. मूल दहा मिनिटांत पायी तेथे पोहोचते काय? पैसा न देता खेळू शकते काय? लक्ष ठेवणारे कोणी तेथे असते काय? आणि चौथा प्रश्न, जो तालमीने कधी विचारला नाही: मुलगी तेथे खेळू शकते काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे चांगला व्यायाम करावयास हवा. त्याच संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अकरा ते सतरा वयाच्या शेकडा ८१ मुलांस तेवढा व्यायाम घडत नाही, असे आढळले. मुलग्यांत हे प्रमाण ७८, तर मुलींत ८५. आमच्या पाहण्यात तर हा फरक याहून ठळक आला. पटांगणात दहा वर्षांपर्यंतच्या मुली भावांबरोबर धावत होत्या. तेरा-चौदाच्या मुली कठड्यावर बसून पाहत होत्या. स्वच्छतागृह नाही, अंधार पडल्यावर दिवा नाही आणि सारी जागा मोठ्या मुलांच्या क्रिकेटने व्यापलेली. मग ‘मुलींस आवडच नाही’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो.

जागाच उरली नाही, असे उत्तर पुष्कळ ठिकाणी मिळते. त्यात तथ्य आहे. पण संपूर्ण नाही. कबड्डीचे क्रीडांगण तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद, खो-खोचे सत्तावीस मीटर लांब व सोळा मीटर रुंद. फुटबॉलच्या एका मैदानात खो-खोची दहा तरी क्रीडांगणे सहज आखता येतील. थोड्या जागेत पुष्कळांस खेळविणारे खेळ आपल्याच घरचे असताना जागेच्या नावाने रडत बसणे बरे नव्हे. शिवाय शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेस क्रीडांगण आवश्यक मानले आहे. शाळा सुटल्यावर ती पटांगणे कुलपात राहतात. सायंकाळी दोन तास ती आळीतील मुलांस खुली करण्यास फाटकाची एक किल्ली व एक जबाबदार माणूस एवढेच पुरते.

तरीही जेथे जागा अद्याप शिल्लक आहे, तेथे मात्र घाई केली पाहिजे. कारण येथे काळ आपल्या बाजूस नाही. विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी राखलेली जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील कलम १२७ प्रमाणे जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही संपादन झाले नाही, तर आरक्षण रद्द ठरते. मालकाचा त्यात दोष नाही. आपली जमीन किती काळ अडकवून ठेवावी, यास मर्यादा हवीच. दोष आहे तो आपल्या झोपेचा. नकाशावरचा हिरवा रंग म्हणजे मैदान नव्हे, आणि तेथे एकदा इमारत उभी राहिली की कोणताही अर्ज ती हलवू शकत नाही.

म्हणून आमची प्रत्येक कुटुंबास एक विनंती आहे. घरातील आजोबांपाशी वेळ असतो, सुनांस व लेकींस आळीची खडान्‌खडा माहिती असते आणि मुलांस तर कोणता कोपरा मोकळा आहे हे पाठ असते. तिघांनी मिळून एका रविवारी आपल्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवरील जागा मोजाव्या. किती मुले, किती मुली, किती वाजता, कोठे खेळतात ते वहीत मांडावे. आपल्या भागाच्या आराखड्यात क्रीडांगणाचे आरक्षण कोठे आहे, ते कोणत्या वर्षीचे आहे, हे महापालिकेत जाऊन विचारावे. आराखड्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात, तेव्हा ती वही पुढे ठेवावी. ‘मैदान द्या’ या मोघम मागणीपेक्षा ‘आमच्या आळीत इतकी मुले आहेत व इतक्या अंतरात एकही पटांगण नाही’ हे वाक्य टाळणे अधिकाऱ्यासही जड जाते.

डेक्कनवर आधी मैदान होते म्हणून पुढच्या चार पिढ्या खेळल्या. बाणेर-म्हाळुंगेकडे घरे आधी आली आहेत. तेथे मैदान मागाहून आणावयाचे आहे. हे काम उफराटे व म्हणून अधिक कष्टाचे आहे, परंतु मोकळा तुकडा जोवर एखादा तरी दिसतो आहे, तोवर ते अशक्य नाही.