चंदी कोणी घालायची?

गेल्या दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरात एक भांडण झाले. ते फराळाचे नव्हते, कपडेलत्त्यांचे नव्हते, की सुनेच्या माहेरचेही नव्हते. ते एका घोडीवरून झाले. कोल्हापुरात घोडीवरून भांडण म्हटले की वाचकांना वाटेल, हा गृहस्थ एखाद्या सरदार घराण्यातला असावा. तसे काही नाही. मी बँकेतून निवृत्त झालेला साधा माणूस. आमच्या घराण्यात खोगिरावर कोणी बसल्याचे ऐकिवात नाही. बसलो असू तर टांग्यात, आणि तेही भाडे आधी ठरवून.

घोडी आली ती नातीमुळे. तिला घोड्यावर बसायचा नाद लागला. शहराबाहेरच्या एका पागेत ती शिकायला जाऊ लागली आणि दोन वर्षांनी मुलाने तिच्यासाठी एक घोडी घेतली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदणी. घोडी आमची, पण राहते पागेत. दरमहा ठरलेली रक्कम भरायची. त्यात थान, दाणा-वैरण, खरारा आणि मोतद्दाराची मजुरी, सगळे आले. आमची सौभाग्यवती म्हणते, "नातीला ठेवले नाही, पण घोडीला मात्र बोर्डिंगात ठेवली!"

बोर्डिंग हा शब्द कोल्हापूरकरांना नवा नाही. शाहू महाराजांच्या काळात १९०१ साली येथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. खेड्यापाड्यांतली मुले तेथे राहून शिकली. पण त्या मुलांत आणि आमच्या चांदणीत एक फरक आहे. दिवाळी आली की बोर्डिंगातली मुले वळकटी बांधून घरी जातात. घोडीला जायला घर नाही. सुट्टी लागते ती तिला सांभाळणाऱ्याला.

तर पागेच्या फळ्यावर एक सूचना लागली : 'नरकचतुर्दशी ते भाऊबीज दोन्ही मोतद्दार रजेवर राहतील. मालकांनी आपापल्या जनावरांची सोय पाहावी.'

मुलगा भडकला. "बाबा, महिन्याच्या महिन्याला पैसे मोजतो ते कशाचे? दिवाळीत सोय आम्हीच पाहायची, तर पागा हवी कशाला?" त्याने दापोलीला समुद्रकाठी चार दिवस जाण्याचा बेत केव्हाच पक्का केला होता. सूनबाई म्हणाल्या, "अहो, पण त्या माणसांनाही मुलेबाळे आहेत." नात काहीच बोलली नाही. ती उठून आत गेली. तिचे तसे उठून जाणे आम्हा सगळ्यांना अधिक लागले.

पुढच्या रविवारी पागेत बैठक भरली. पागेत सात जनावरे : तीन पागेच्या मालकांची स्वतःची, आणि चार आमच्यासारख्यांची. पहिला मुद्दा अर्थातच पैशाचा निघाला. पागेचे मालक शांतपणे म्हणाले, "तुमचे म्हणणे खोटे नाही. पण माझ्याकडे माणसे दोन. तीन वर्षे दोघांनीही घरची दिवाळी पाहिली नाही. एकाची आई अंथरुणाला खिळली आहे. दुसऱ्याच्या मुलीचे लग्न यंदा झाले, जावई दिवाळसणाला यायचा आहे. सासऱ्यानेच घरी नसावे, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? माझी तीन मी सांभाळतो. सातही माझ्या एकट्याच्याने होणार नाहीत."

दिवाळसणाचे नाव निघताच बैठकीतल्या बायका मोतद्दाराच्या बाजूला गेल्या आणि निम्मा निकाल तेथेच लागला.

एकजण म्हणाले, चार दिवसांपुरता एखादा गडी लावू. पण अनोळखी माणसाच्या हाती घोडे देणे धोक्याचे. कोणाला दाणा किती, कोण मागून गेल्यास लाथ मारतो, कोणाला शेजारी सोसत नाही, हे त्याला काय ठाऊक? दुसरे म्हणाले, "आपण सगळेच जमेल तसे येत जाऊ." हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तीस वर्षे बँकेत काढलेला माणूस मी. तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. सुट्टी असो, संप असो, किल्ली कोणाकडे आहे याची नोंद नावानिशी, सहीनिशी. 'जमेल तसे सगळे' हा शब्दप्रयोग तेथे चालत नाही. जे काम सगळ्यांचे असते ते कोणाचेच नसते. मी हे सगळे बऱ्याच ठसक्याने सांगितले. चार मालक, चार दिवस : एकेका घराने एकेक दिवस चारी घोड्यांचा पत्कर घ्यावा. सगळ्यांना पटले. आमच्या वाट्याला लक्ष्मीपूजनाचा दिवस आला. मुलाने दापोलीचा बेत चारावरून दोन दिवसांवर आणला आणि पाडव्याच्या पुढे ढकलला.

रजेवर जाण्यापूर्वी मोतद्दाराने मला सगळे समजावले. मी वही काढली. सकाळी आधी पाणी, मग वैरण, मग चंदी. चांदणीला भरड्याचे एक माप सकाळी, एक संध्याकाळी. त्याहून मूठभरही जास्त नाही. वाळलेले गवत मात्र समोर असावे. दिवसाकाठी तीस-चाळीस लिटर पाणी लागेल, बादली रिकामी दिसता कामा नये. रात्री नवाला एक फेरी. मी प्रत्येक ओळीला आकडा घातला.

त्याच्या बोलण्यावरून मला लहानपणीचा आमच्या गल्लीतला टांगेवाला आठवला. साठीच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही मुले नरकचतुर्दशीला पहाटे उटणे लावून कुडकुडत उभी असायचो. तेव्हा समोर कंदिलाच्या उजेडात तो घोड्याचे पाय तेलाने चोळीत बसलेला दिसे. आई फराळाचे ताट घेऊन जाई, तर म्हणे, "ठेवा वैनी, आदी ह्येचं हुंदे." त्याची आंघोळ घोड्यानंतर. आम्हाला ती गंमत वाटे.

आपल्याकडे जनावरांचे सणही कमी नाहीत. बेंदराला बैल, वसुबारसेला गाय. घोड्याला दसऱ्याला झेंडूची माळ मिळते. कोल्हापुरात तर पाडव्याला म्हशींची मिरवणूक निघते. शिंगे रंगवून, गोंडे बांधून गवळी त्यांना दिमाखात फिरवतात. पण त्याच गवळ्याने त्या दिवशी पहाटे धार काढलेली असते, हे गंगावेशीच्या कट्ट्यावर पेला घेऊन उभ्या राहणाऱ्या आपल्याला कोठे आठवते? खुद्द आश्विन महिन्याचे नाव अश्विनी नक्षत्रावरून आले, आणि त्या नक्षत्राची आकृती घोड्याच्या मुखाची मानतात. अशा महिन्याच्या शेवटी घोडीला उपाशी ठेवायचे की काय?

उपाशी ती राहिली नाही. झाले ते उलटेच.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळचे सगळे वहीबरहुकूम पार पडले. दुपारी नात आणि मी पुन्हा गेलो. फटाके सुरू होण्याआधी चांदणीचे खाणे उरकावे म्हणून नातीने चारलाच तिला चंदी घातली. मी तेव्हा पलीकडे पाणी ओढत होतो. मग सूनबाई तिला घेऊन घरी गेल्या. रांगोळी राहिली होती. सहा वाजता मी वही उघडली, आणि चारी घोड्यांना क्रमाने चंदी घातली. चांदणी तोबऱ्यात तोंड खुपसून अशी काही खाऊ लागली, की मला तिची दया आली. म्हटले, आज लक्ष्मीपूजन! आणखी दोन ओंजळी घातल्या आणि वर गुळाचा खडा. मग समाधानाने घरी जाऊन पूजेला बसलो.

नऊला फेरीसाठी मुलाबरोबर गेलो तो चांदणी पुढच्या पायाने जमीन उकरत होती. मान वळवून पुन्हा पुन्हा आपल्या कुशीकडे पाही. खाली बसे, लगेच उठे. अंग घामाने भिजलेले. आम्हाला वाटले, फटाक्यांना भ्याली. पागेचे मालक पूजा आटोपून आले, त्यांनी एकदाच पाहिले आणि म्हणाले, "कुरकुरी आहे. दाणा किती घातला?"

मी वही दाखवली. तेवढ्यात मुलाने घरी फोन लावला आणि चारची हकीकत कळली. माझ्या वहीत चारची नोंद नव्हती. सहाचीही नव्हती. किल्ल्यांच्या नोंदीवर सर्वांना व्याख्यान देणाऱ्या माणसाने प्रत्येक सूचनेला आकडा घातला होता, पण 'चंदी घातली' म्हणून खूण करायला रकाना आखला नव्हता!

पशुवैद्य घरची पूजा टाकून आले. त्यांनी नाडी पाहिली. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ च्या घरात असते. चांदणीची ६० च्या वर गेली होती. त्यांनी सुई टोचली, नाकातून नळी पोटात घातली. काम करता करता ते सांगत होते. एवढे मोठे जनावर, पण जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे. निसर्गाने त्याला दिवसभर थोडे थोडे गवत चरायला घडवले आहे. एकदम जास्त दाणा पोटात गेला की तो आंबतो, वायू धरतो. माणसाला जास्त झाले तर ओकून मोकळे होता येते, घोड्याला ओकारी होत नाही. "सणासुदीला मायेपोटीच घोडी जातात, काका," ते म्हणाले. त्यांनी ते रागाने म्हटले असते तर मला बरे वाटले असते.

मग तिला हळूहळू चालवत ठेवायचे होते. शहरावर आतषबाजी चालली होती. मुलगा दिवाळीचा नवा सदरा घालून आलेला. त्याच सदऱ्याने त्याने तिचा घाम पुसला. अर्धा तास तो, अर्धा तास मी, असे आम्ही दोरी धरून अंगणात फेऱ्या घालत होतो. पैसे मोजतो ते कशाचे, हा प्रश्न त्या रात्री त्याने काढला नाही. आणि मला मात्र त्याचे उत्तर त्या फेऱ्यांत थोडेफार सापडले. आपण पैसे मोजतो ते जागेचे, गवताचे, मजुरीचे. जनावराचे काय होईल या धास्तीने रात्री उठणे त्या रकमेत धरलेले नसते. मोतद्दार इतकी वर्षे ते वरचेवर करीत होता, म्हणून ते आपल्याला दिसले नव्हते.

रात्री अडीचला चांदणीने लीद टाकली. वाचकहो, हसू नका. आयुष्यात पुष्कळ लक्ष्मीपूजने केली, पण इतक्या आनंदाने कोणत्या प्रसादाकडे पाहिल्याचे मला आठवत नाही. मुलाने मला चक्क मिठी मारली.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मोतद्दार परतला. हातात लेकीच्या दिवाळसणाच्या करंज्या होत्या. त्याने त्या माझ्याकडे दिल्या, तडक थानावर गेला, चांदणीचे कान चाचपले, पोटाला कान लावला आणि माझ्याकडे पाहिले. मी सगळे सांगून टाकले. तो रागावला नाही. गुळाचा खडा मात्र त्याला सोसला नाही.

"जनावराला सण न्हाई कळत, साहेब," तो म्हणाला. "येळ कळती."

विलायतेतही हाच पेच पडतो म्हणतात. तिकडे तो नाताळात. घोडी दुसऱ्याच्या पागेत, आणि पागेतल्या माणसांनाही नाताळ घरीच हवा असतो. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया या देशांत नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, संत स्टीफनच्या नावाने घोड्यांना चर्चपाशी आणून आशीर्वाद देण्याची जुनी चाल आहे. पण आशीर्वाद घ्यायला घोडा आणायचा, तर त्या सकाळीही कोणीतरी उठून त्याला खरारा केलेलाच असणार.

मग चंदी कोणी घालायची? आमच्या पागेत पुढच्या बैठकीत ठरले ते असे. घोडे ओळखणारा एक माणूस सणालाही पागेत असलाच पाहिजे, आणि ती सोय पागेने करायची. कारण पैसे ती घेते. त्या दिवसांची मजुरी दुप्पट, आणि वरचा भार आम्ही मालकांनी उचलायचा. कारण सुट्टी आम्ही भोगतो. दोन्ही मोतद्दारांनी पाळीपाळीने सण घ्यायचे : एकाला यंदा दिवाळी, तर दुसऱ्याला दसरा आणि पुढची दिवाळी. मालकांच्या घरच्या एकाने रोज एक वेळ हाताखाली राबायला जायचे, पण दाण्याच्या मापाला जाणत्यानेच हात लावायचा. आणि भिंतीवर एक तक्ता : वेळ, घोडा, कोणी घातले, सही. तो तक्ता मीच आखला आहे. रकाने मोजून पाहिले, या खेपेस एकही राहिलेला नाही.

यंदा मागे राहण्याची पाळी त्या दिवसणवाल्या मोतद्दाराची आहे. सौभाग्यवतीने त्याच्यासाठी फराळाचा डबा वेगळा काढून ठेवला आहे. नरकचतुर्दशीला पहाटे नात आणि मी तो घेऊन जाणार आहोत. नातीने मला आत्ताच बजावले आहे, "आजोबा, डबा मामांना द्यायचा. चांदणीला त्यातले काही नाही."

मी कबूल केले आहे. आमची आंघोळ मात्र तेथून परतल्यावर.