फेरफार

लांज्यात राहून मी रहस्यकथा लिहिते म्हटलं, की समोरचा हमखास विचारतो, "तिकडे कुणाचा खून झाला?" मी लिहिते त्या प्रकाराला कोझी मिस्टरी म्हणतात. रक्त कमी, चहा जास्त. गाव लहान, माणसं ओळखीची आणि गुन्हा उलगडणारी शेजारचीच एखादी चौकस बाई. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० साली पहिल्यांदा कादंबरीत आली ती अशीच. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांच्या झुंजार-धनंजयला आमच्या वाडीत काही काम मिळालं नसतं.

माझी गुप्तहेर निवृत्त अंगणवाडी सेविका आहे. कुठल्या घरात पोर वजनात भरत नाही, कुठली सून बाळंतपणानंतर माहेरहून परत आलीच नाही, हे तिला घरोघर फिरून पाठ झालेलं. पोलिसांना एवढी माहिती कुठून असणार? पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, म्हणून मी आधी वहीत लिहिते. मध्येच काजूगर सोलायला आई हाक मारते. बोटांना चीक लागला की त्या दिवशीचं लिखाण संपलं.

गेल्या पावसात शेजारची काकी पडवीत येऊन बसली. वय ऐंशीच्या घरात, एकटीच राहते. म्हणाली, "तू चोर शोधतंस ना गो बाय? मग माजा नाव शोध."

घरामागच्या वरकस जमिनीच्या सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. तीस-पस्तीस सामाईक नावं होती, त्यातली निम्मी मेलेल्यांची. कोकणात हे नवीन नाही. पण सातबारा फक्त आज काय आहे ते सांगतो. कसं झालं ते फेरफारात असतं. प्रत्येक नावापाशी फेरफाराचा नंबर असतो, तो धरून मागे मागे जायचं. मी जुन्या नकला काढल्या. अक्षर लागत नव्हतं, तिथे आईनं भिंग दिलं. काकीचा नवरा १९८४ला गेला. त्यानंतरच्या वारस नोंदीत फक्त त्याच्या भावाचं नाव होतं. मूलबाळ नाही, एवढं लिहिलेलं. बायको आहे, हे लिहिलेलंच नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा पहिल्या वर्गातली वारस असते, पण ती त्या कागदावर जिवंतच नव्हती.

माझ्या कथेत इथे सगळ्यांना ओटीवर जमवलं असतं आणि गुन्हेगाराचा चेहरा पडला असता. इथे तो दीर वारून वीस वर्षं झाली. त्याचे मुलगे नालासोपाऱ्याला असतात. दर गणपतीला येतात, काकीला लुगडं आणतात, तिच्याच हातचं जेवतात. बापानं काय केलं हे त्यांना ठाऊक असेल का, हा प्रश्न मला रात्री सोडत नव्हता. काकीला त्यात रस नव्हता. "त्यांका कशाक दुखवायचा? माजा नाव लाव फकस्त."

पण न दुखवता नाव लागत नाही. जुनी मंजूर नोंद बदलायची तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, सोबत एवढ्या वर्षांच्या उशिराच्या माफीचा अर्ज, आणि सगळ्या सहहिस्सेदारांना नोटीस. म्हणजे नालासोपाऱ्यालाही. आई म्हणाली, वाडीत राहायचंय आपल्याला. खरंच होतं ते. गोष्टीतलं गाव शेवटच्या पानावर मिटतं, आमच्या वाडीत दुसऱ्या दिवशी त्याच पाणंदीनं जायचं असतं.

मी काकीला नोटिशीचं नीट समजावून सांगितलं. ती बराच वेळ पागोळ्या बघत राहिली. मग म्हणाली, "गणपती होऊंदेत. मग धाड."

विसर्जनानंतर चौथ्या दिवशी तिनं अर्जावर अंगठा न देता सही केली. एक एक अक्षर काढत. कधी शिकली, विचारलं नाही. पहिली तारीख पडली तेव्हा थोरला पुतण्या आला होता. बोलला नाही, पण तिला गाडीतून घरी सोडलं. निकाल अजून लागायचा आहे.

परवा मी तिला नवीन कथा वाचून दाखवली. सेविकाबाईनं चोर पकडला, काकी हसली, आणि मग विचारलं, "आणि त्या बायच्या नावावर काय हाय गो?"