मशीनवरचा मुलगा आणि झेरॉक्सच्या दुकानातला बायोडाटा

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी एचआर बघते. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. सीएनसी ऑपरेटरची जागा निघाली की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप बायोडाट्यांनी भरून जातं. निम्म्या फाइलींचं नाव नुसतं ‘स्कॅन’ किंवा ‘न्यू डॉक्युमेंट’. कुठला कागद कुणाचा, हे लावण्यातच सकाळ जाते.

स्पेलिंगच्या चुकांवरून मी कुणाला बाद करत नाही. मशीनवर उभं राहणाऱ्या मुलाला पार्ट अचूक मोजता आला पाहिजे, इंग्रजी नाही आलं तरी चालेल. आमच्या क्वालिटीच्या साहेबांना हे पटत नाही. “ज्याला स्वतःचा एक कागद तपासता येत नाही, तो माझं ड्रॉइंग काय वाचणार?” असं ते म्हणतात. इन्स्पेक्टरच्या जागेपुरतं मी त्यांचं ऐकते.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. पहिलं वाक्य सगळीकडे तेच: आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या प्रगतीला हातभार लावायचा आहे. ते मुलाचं नसतं, झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचं असतं. एकाच्या बायोडाट्यात तर वडिलांच्या नावाच्या जागी दुसऱ्याच कुणाचे वडील होते, जुन्या फाइलवर नुसतं नाव बदललेलं. पुढे उंची, जात, वैवाहिक स्थिती. मला तर स्थळच सांगून आल्यासारखं वाटतं. वर आधार आणि पॅनचे नंबरही छापलेले. ते आम्ही निवड झाल्यावर मागतोच. आधीच दहा ठिकाणी कशाला वाटायचे?

या सगळ्यात काम कुठेच नसतं. ‘सीएनसी ऑपरेटर, २ वर्षं’, एवढीच ओळ. अशाच एका मुलाला मी जवळजवळ बाजूला ठेवणार होते, पण त्या दिवशी माणसांची निकड होती म्हणून बोलावलं. तो साताऱ्याकडचा, आयटीआय मशिनिस्ट. त्याला विचारलं, दिवसभर नेमकं काय करायचास?

“जॉब लावायचो, मॅडम.”

“आणि टूल तुटलं तर?”

“मीच बदलायचो. ऑफसेट मीच द्यायचो. पहिला पीस मायक्रोमीटरनं चेक करून मगच लाइन चालू.”

म्हणजे हा नुसता ऑपरेटर नव्हता, सेटरचं काम करत होता, आणि सेटरला पगार जास्त असतो. कंट्रोलर फॅनुकचा होता, पार्ट कुठला, टॉलरन्स किती, सगळं तो तोंडपाठ सांगत होता. कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. छंदांच्या रकान्यात मात्र क्रिकेट आणि गाणी ऐकणं.

याच्या उलट टोकाला मोठ्या कंपनीचं नाव लिहिणारे. चाकणच्या नावाजलेल्या प्लांटमध्ये इतकी वर्षं, असं ठळक अक्षरात असतं. पीएफचा यूएएन मागितला की नोंद निघते कॉन्ट्रॅक्टरची. मुलगा खोटं बोलत नसतो. गेटच्या आत तोच होता, घाम त्यानेच गाळला. पण पगार कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर आणि अनुभवाचा दाखलाही त्याचाच. मालकाला मात्र वाटतं, यानं फसवलं, आणि फाइल बंद होते. ‘अमुक कंपनीत, तमुक कॉन्ट्रॅक्टरमार्फत’ असं सरळ लिहिलं तर आमच्याकडे कुणी नाक मुरडत नाही. या पट्ट्यात बरंचसं काम कॉन्ट्रॅक्टवरच चालतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तारखा ओढून मधली बेकारी झाकणारेही याच पीएफच्या नोंदीत सापडतात. घरी शेती केली, आईच्या आजारपणात थांबलो, असं लिहिलेलं मला जास्त आवडतं.

त्या साताऱ्याच्या मुलाला आम्ही घेतलं. त्याच यादीतल्या दुसऱ्या एका चांगल्या मुलाला घेता आलं नाही, कारण बायोडाट्यावरचा नंबर बंद होता आणि ईमेलला उत्तर आलं नाही. ती जागा तिसऱ्यालाच गेली. तेव्हा पोरांनो, बाकी काही बदलू नका हवं तर, पण पाठवण्याआधी त्या कागदावरचा मोबाइल नंबर एकदा मित्राच्या फोनवरून लावून बघा.