चिखलदऱ्याची एक रात्र आणि कार्डाचा हिशेब

परतवाडा मागे पडलं की थोड्याच वेळात सातपुड्याचा घाट सुरू होतो. अमरावतीहून परतवाडा सुमारे पन्नास किलोमीटर आणि तिथून चिखलदरा आणखी तीसेक. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं, तीन मुलं आणि अम्मी असे सहाजण निघालो होतो. पहिल्याच मोठ्या वळणावर फोन वाजला. बँकेचा होता. आमच्याकडे एका हॉटेल-साखळीशी जोडलेलं क्रेडिट कार्ड आहे. त्याची वरची श्रेणी घ्यावी म्हणून पंधरा दिवस फोन येत होते. "रविवारपर्यंत हो म्हणा, नंतर ऑफर बंद," पलीकडून आवाज आला. तेवढ्यात रेंज गेली. आज शनिवार होता.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा आणि त्याचं पुढे चिखलदरा झालं, असं सांगतात. भीमकुंडाचं नावही त्याच कथेतलं. कॉफीची झाडं महाराष्ट्रात पाहायची असतील तर वऱ्हाडातल्या माणसाला लांब जायची गरज नाही, ती इथं आहेत. आजूबाजूला मेळघाटचं जंगल आणि कोरकू बांधवांची गावं. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाट होतं.

दुपारी गाविलगड पाहिला. बहमनी सुलतान अहमदशाह वली याने १४२५ च्या सुमारास हा किल्ला बांधला. पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने १४८८ मध्ये त्याची दुरुस्ती केली. दरवाज्यावरचा दोन तोंडांचा गंडभेरुंड पाहून धाकटा थबकला. आतल्या मशिदीच्या कमानी अजून उभ्या आहेत, अंगणात मात्र गवत माजलंय. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्गात हे सन आम्ही कितीदा फळ्यावर लिहिलेत. तिथं उभं राहून सांगताना मुलांनी पहिल्यांदा मध्येच प्रश्न विचारले.

अम्मी वर आल्या नाहीत. गुडघे साथ देत नाहीत. त्या गाडीजवळ सावलीत तसबीह घेऊन बसल्या. चाळीस वर्षांपूर्वी अब्बांसोबत एसटीने त्या इथं आल्या होत्या. सकाळी येऊन संध्याकाळी परत. "तेव्हा रात्र काढायची राहून गेली," एवढंच त्या म्हणाल्या. अब्बा आता नाहीत. ही सहल खरं तर त्या एका रात्रीसाठी होती.

रात्री उतरलो ते लहानसं विश्रामगृह होतं. दोन खोल्या, प्रत्येकी सोळाशे रुपये. परतवाड्याहून कोंबडी जिबह करून आणली होती, ती खानसाम्याने चुलीवर शिजवून दिली. बाजारातून रबडी आणली. चिखलदऱ्याचा खवा आणि रबडी ज्याने खाल्ली त्याला वेगळं सांगायला नको. रजया पांघरून बसलो आणि मोठीने वहीचं पान फाडलं. "अब्बू, तो कार्डवाला प्रश्न सोडवून टाकू." ती अकरावीत कॉमर्सला आहे.

हिशेब असा मांडला. सध्याच्या कार्डाची वार्षिक फी १००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८०. वरच्या कार्डाची फी ५००० आणि जीएसटी, म्हणजे ५९००. दरवर्षी ४७२० रुपये जास्त. बदल्यात वर्षातून एक रात्र मोफत, जेवणावर सवलत, खोली उशिरा सोडायची मुभा आणि खर्चावर जास्त गुण. वर्षात तीन लाख खर्च केला तर फी माफ.

ऐकायला गोड वाटतं. मोठीने एकेक ओळ तपासली. मोफत रात्र म्हणजे एक खोली, दोन माणसं. आम्ही सहा. उरलेल्या खोल्या पूर्ण दराने. ती रात्र वर्षाच्या आत वापरायची, नाही तर गेली. त्या साखळीचं आम्हांला सर्वांत जवळचं हॉटेल नागपूरला, म्हणजे दीडशे किलोमीटर आणि पेट्रोल वेगळं. आमचा कार्डावरचा खर्च महिन्याला पंधरा हजार, वर्षाला एक लाख ऐंशी हजार. फी माफ करून घ्यायला आणखी एक लाख वीस हजार खर्चावे लागतील. ५९०० वाचवायला एक लाख वीस हजार! धाकटाही हसला.

पण आमच्या दोघांच्या मनात दुसरीच गोष्ट होती, ती अम्मींना माहीत नव्हती. मागच्या जूनमध्ये मोठीचं ॲडमिशन आणि बकरी ईद एकाच महिन्यात आली. कार्डाचं बिल बावीस हजार झालं आणि आम्ही फक्त किमान रक्कम भरली, अकराशे रुपये. वाटलं, नियमाप्रमाणेच भरतोय. पुढच्या बिलात व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून हजाराहून जास्त रक्कम लागली. किमान रक्कम भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. पूर्ण बिल न भरल्यास नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. महिन्याला साडेतीन टक्के ऐकायला थोडे वाटतात, वर्षाचे ते बेचाळीस होतात. ज्या घरात अब्बांनी उभ्या आयुष्यात व्याजाचा पैसा दिला नाही की घेतला नाही, त्या घरातून आम्ही तो दिला होता. त्या रात्री आम्ही हे अम्मींना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

या बाबतीत उलमांची मतं सारखी नाहीत. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००० साली रियाधच्या बैठकीत ठरवलं की, ज्या कार्डाच्या करारातच व्याजाची अट आहे ते वापरणं जायज नाही, मग वेळेवर भरण्याचा इरादा असला तरी. दुसरीकडे, गरज असेल आणि पूर्ण बिल मुदतीत भरण्याची खात्री असेल तर मुभा देणारे उलमाही आहेत. आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांनी दुसरं मत सांगितलं होतं, पण एक गोष्ट जोडून: "खात्री तुमच्या पगाराची नको, सवयीची हवी." जूनमध्ये आमची सवय उघडी पडली होती. ज्या कार्डात जास्त खर्च केला तरच फायदा आहे, ते घेऊन ही सवय सुधारणार कशी?

शेवटी अम्मी बोलल्या. "बेटा, इस कार्डपे फिर यहाँ आ सकते क्या?"

नाही. त्या साखळीचं हॉटेल चिखलदऱ्यात नाही. देवी पॉइंटजवळचा रबडीवाला, जीपवाला आणि हा खानसामा, सगळ्यांना आम्ही रोख किंवा मोबाइलवरून पैसे दिले होते. दोन दिवसांत कार्ड पाकिटाबाहेर निघालंच नव्हतं.

सकाळी खोलीतच फज्र अदा केली. अम्मी खुर्चीवर. बाहेर दरीत धुकं इतकं दाट होतं की समोरचं झाडही दिसत नव्हतं. ऊन चढल्यावर हरिकेन पॉइंटवर गेलो आणि अम्मींना कठड्याजवळ बसवलं. तिथं रेंज आली आणि फोनही आला. आम्ही नको म्हणालो. "सर, अशी ऑफर पुन्हा येत नाही." आली नाही तरी चालेल, म्हणालो.

वाचकांना एवढंच सांगावंसं वाटतं की फोनवरच्या घाईला घाबरू नका. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डाचे नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहेत. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्डाची श्रेणी वाढवता येत नाही. वाढवून फी लावली तर ती परत करावी लागते आणि वर तिच्या दुप्पट दंड द्यावा लागतो. कार्ड बंद करायला सांगितलं आणि बाकी काही नसेल, तर सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाही तर रोजचे पाचशे रुपये दंड. म्हणून "हो" म्हणण्याआधी तीन आकडे कागदावर मांडा: फी किती, आपला खरा खर्च किती आणि मिळणारी सवलत आपण खरंच वापरणार आहोत का.

आमचं जुनं कार्ड अजून आहे. बिल आता खात्यातून पूर्णच वळतं होतं. मार्चमध्ये फीची तारीख येईल, त्याआधी तेही बंद करायचं ठरलंय. आणि कपाटात एक डबा ठेवलाय, त्यात दरमहा पाचशे रुपये पडतात. वर्षाचे सहा हजार, म्हणजे त्या कार्डाच्या फीपेक्षा शंभर जास्त. एवढ्यात चिखलदऱ्याच्या दोन खोल्या, पेट्रोल आणि रबडी निघते. अम्मींना धबधबे भर पावसात पाहायचे आहेत. इन्शाअल्लाह, जुलैमध्ये.